काला, थर आणि रत्नागिरीचा चाकरमानी

श्रावण वद्य अष्टमीच्या मध्यरात्री कृष्णजन्म आणि दुसऱ्या दिवशी, नवमीला, गोपाळकाला हा गोकुळाष्टमीचा क्रम महाराष्ट्रात सर्वत्र सारखाच असला, तरी या दुसऱ्या दिवसाचे जे रूप आज दूरचित्रवाणीवर दिसते, म्हणजे खांद्यांवर खांदे चढवून रचलेला आठ-नऊ थरांचा मनोरा, त्याच्या टोकाला उभे राहिलेले लहान मूल आणि व्यासपीठावरून पुकारली जाणारी लाखांची बक्षिसे, ते फार जुने नाही. हे रूप प्रामुख्याने मुंबईच्या गिरणगावात आणि त्याला लागून वाढलेल्या चाळवस्त्यांत घडले, आणि ज्यांनी ते घडवले त्यांतील फार मोठा वर्ग जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातून पोटासाठी मुंबईस गेलेल्या चाकरमान्यांचा होता. म्हणून या प्रथेचा इतिहास केवळ मुंबईचा म्हणून सांगितला तर अर्धाच हाती लागतो. गावात राहिलेला काला आणि शहरात उंचावत गेलेले थर या दोहोंकडे एकत्र पाहिल्यावाचून, मनोऱ्याच्या टोकावरील मुलावर आज जो भार येऊन पडला आहे, तो कोठून आला हे कळत नाही.

काला म्हणजे अनेकांच्या शिदोऱ्या एकत्र कालवून केलेला प्रसाद. पोहे, लाह्या, दही, काकडी, भिजवलेली डाळ, मीठ, मिरची असे जे घरोघरी सहज मिळेल ते एका भांड्यात मिसळायचे आणि हातावर घेऊन सर्वांनी खायचे, एवढाच त्याचा विधी आहे. वारकरी परंपरेत त्याला फार मोठे स्थान आहे. नामसप्ताहाची सांगता काल्याच्या कीर्तनाने होते, आणि आषाढी वारीची सांगताही पौर्णिमेस पंढरपूरजवळील गोपाळपूर येथील काल्याने होते. गोकुळातील सवंगड्यांनी आपापल्या शिदोऱ्या एकत्र करून खाल्ल्या, त्यात कोणाची भाकरी कोणती हे उरले नाही, हा त्या प्रसादामागील भाव होय. दक्षिण कोकणात याच नावाचा आणखी एक विस्तार आढळतो: तेथील देवळांच्या जत्रांत रात्रभर चालणाऱ्या दशावतारी नाटकाला दहीकाला असेच म्हणतात, आणि पहाटे हंडी फोडून त्याचा शेवट होतो. हा दशावताराचा मुलूख आज सिंधुदुर्ग जिल्ह्यात मोडत असला, तरी १ मे १९८१ रोजी तो जिल्हा वेगळा होईपर्यंत तो रत्नागिरी जिल्ह्याचाच भाग होता, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे.

गावच्या या काल्यात हंडी असते, ती देवळाच्या सभामंडपात किंवा वाडीच्या तिठ्यावर बांधलेली असते, पोरे एकमेकांच्या खांद्यावर चढून ती फोडतातही. परंतु तिची उंची हा कोणाच्या अभिमानाचा विषय नसतो. हंडी फुटली पाहिजे, तीतील दही अंगावर सांडले पाहिजे आणि प्रसाद सर्वांस मिळाला पाहिजे, यात त्या दिवसाचे सार्थक होते. अर्थात या सर्वसमावेशकतेचे चित्र फार गोड करून रंगवणे इतिहासाला धरून होणार नाही. कोकणातील गावऱ्हाटी, म्हणजे देवस्थानाभोवती उभी असलेली मानपानाची आणि कामांच्या वाटणीची परंपरागत व्यवस्था, प्रत्येक उत्सवात कोणाचा हात आधी लागायचा हे ठरवीत असे, आणि काही समाजांना तर देवळाची पायरीही चढता येत नसे. रत्नागिरी शहरात भागोजी कीर यांच्या पैशाने आणि वि. दा. सावरकर यांच्या पुढाकाराने पतितपावन मंदिर उभे राहून ते सर्व जातींना खुले झाले ते १९३१ साली; काल्याच्या कीर्तनात शतकानुशतके सांगितली गेलेली समता देवळाच्या दारापाशी प्रत्यक्षात येण्यास किती विलंब लागला, हे त्या सालावरून समजते.

गावचा काला आणि शहराचा गोविंदा यांची फारकत का झाली याचे उत्तर बव्हंशी पंचांगात आणि समुद्रात आहे. मुंबईत पहिली कापडगिरणी १८५० च्या दशकात उभी राहिली आणि त्यानंतरच्या अर्धशतकात गिरण्यांच्या खात्यांत रत्नागिरीकरांचे प्रमाण इतके वाढले की १९११ च्या सुमारास गिरणीकामगारांपैकी जवळजवळ निम्मे जन्माने रत्नागिरी जिल्ह्यातील होते. पुढे घाटावरील आणि उत्तर हिंदुस्थानातील कामगार वाढले तसा हा वाटा कमी होत गेला. खाचरातील भात आणि वरकस जमिनीवरील नाचणी यांवर कुटुंबाचे वर्ष निघत नसल्यामुळे घरटी एक-दोन पुरुष मुंबईस पाठवणे हा जिल्ह्याच्या अर्थव्यवस्थेचा कणाच बनला. या पुरुषांना वर्षातून दोनदा घरी यायची ओढ असे, गणपतीला आणि शिमग्याला. गोकुळाष्टमीनंतर अवघ्या अकरा-बारा दिवसांनी गणेशचतुर्थी येते. गाठीस बांधलेली रजा त्या सणासाठी राखायची असल्याने अष्टमीला गावी जाण्याचा प्रश्नच उद्भवत नसे. शिवाय कोकणकिनाऱ्यावरील बंदरांना मुंबईशी जोडणारी आगबोटींची वाहतूक पावसाळ्याच्या ऐन महिन्यांत बंद असे, आणि घाट व खाड्या ओलांडत जाणारा खुष्कीचा मार्ग त्या दिवसांत अत्यंत त्रासाचा होता. श्रावणात चाकरमानी मुंबईतच अडकलेला असे.

त्यामुळे एकाच सणाची दोन रूपे झाली, असा तर्क करण्यास पुष्कळ जागा आहे. गावात अष्टमीला उरत ती वृद्ध माणसे, स्त्रिया आणि मुले. त्यांचा काला देवळात, घरात, वाडीत शांतपणे होई. मुंबईत त्याच दिवशी एकत्र येत ते तरणेबांड, कष्टाने अंग कमावलेले, घरापासून तुटलेले पुरुष. एका गावच्या वीस-पंचवीस जणांनी मिळून भाड्याने घेतलेली खोली, जिला गावकीची खोली म्हणत, ही त्यांची शहरातील पहिली संस्था होती. त्या खोलीत पाळीपाळीने झोपायचे, जवळच्या खाणावळीत जेवायचे, आणि सणासुदीला वर्गणी काढून गावचा उत्सव तेथेच उभा करायचा, अशी त्यांची रीत होती. चाळींच्या चौकांत, गल्लीच्या तोंडाशी, पुढे वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथील बी.डी.डी. चाळींच्या मोकळ्या जागांत त्यांची मंडळे, भजनी मेळे आणि व्यायामशाळा निघाल्या. तेथे लेझीम, कबड्डी, मल्लखांब यांबरोबर श्रावणात गोविंदाची तालीमही होऊ लागली.

स्पर्धा ही गोष्ट या माणसांना परकी नव्हती. रत्नागिरीच्या जाखडी नृत्यात, ज्याला मुंबईत बाल्या नाच असेही नाव पडले, शक्ती आणि तुरा या दोन पक्षांच्या मंडळांत गीतांतून सवाल-जबाबांचा सामना रात्रभर चालतो आणि कोणाचा शाहीर निरुत्तर झाला याची चर्चा पुढे वर्षभर गावोगाव होते. गटाने गटाशी भिडणे, आपल्या वाडीचे नाव राखणे, त्यासाठी महिनोन्‌महिने पदरमोड करून तालीम करणे, हा संस्कार चाकरमानी गावाहून घेऊनच आलेला होता. गिरणगावात या संस्काराला थरांच्या रूपाने एक नवे माप मिळाले. शब्दांच्या सामन्यात कोण जिंकले यावर वाद घालता येतो, परंतु पाच थर लागले की सहा यावर वाद घालता येत नाही. आणि ज्याच्याजवळ मालमत्ता, शिक्षण वा हुद्दा यांपैकी काहीच नाही, अशा माणसाच्या मंडळाला सर्व शहरासमोर निर्विवादपणे मोठे ठरण्याची ही संधी होती. थरांच्या चढाओढीकडे पुढे आलेल्या पैशाचे फळ म्हणूनच पाहण्याची जी सवय आहे, ती म्हणूनच अपुरी वाटते. मोठी बक्षिसे येण्यापूर्वीही उंची होती, आणि तिच्यामागे मान मिळवण्याची खरी भूक होती.

मनोऱ्याची रचना समजून घेतल्याशिवाय पुढील गोष्टींचा अर्थ लागत नाही. सर्वांत खाली धिप्पाड, वयाने मोठ्या गड्यांचे कडे असते; ते एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून, मान आत घालून घट्ट उभे राहतात आणि त्यांच्याभोवती शेकडो जण पाठीला हात देऊन वेढा घालतात, जेणेकरून पाया सरकणार नाही व वरून कोणी घसरला तर तो माणसांवर पडेल. दुसऱ्या थरावर त्याहून कमी वजनाचे, तिसऱ्यावर आणखी हलके, असे करीत वरच्या थरांवर एकेकच माणूस उरतो, आणि सर्वांत वर चढतो तो एक्का, म्हणजे पथकातील सर्वांत हलका, चपळ आणि न घाबरणारा मुलगा. वरच्या एका किलोचा भार खालच्या प्रत्येक थराला पेलावा लागतो. म्हणून थरांची संख्या वाढवायची तर टोकाचे वजन कमी करावे लागते, आणि वजन कमी करण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे वय कमी करणे. लहान मुलाला वर चढवण्याचे समर्थन बालकृष्णाच्या कथेने केले जात असले, तरी त्याचे खरे कारण या गणितात आहे.

हा सराव गुरुपौर्णिमेला नारळ फोडून सुरू करण्याची अनेक पथकांत प्रथा आहे. तेव्हापासून गोपाळकाल्यापर्यंत सुमारे साडेपाच आठवडे, दिवसाची नोकरी, शाळा वा महाविद्यालय संपवून, रात्री रस्त्यावर किंवा मैदानात थर लावले आणि उतरवले जातात. थर लावण्याइतकेच ते सुखरूप उतरवणे अवघड असते, आणि जाणत्या प्रशिक्षकाची पारख उतरवण्यातच होते. एक्क्याचे वर्षभर लाड होतात, त्याच्या आईवडिलांना वस्तीत मान मिळतो, आणि ऐन दिवशी तो चढताना अर्ध्यावर थबकला तर खाली शेकडो माणसांच्या महिनाभराच्या कष्टांवर पाणी पडते. हे सर्व त्या मुलाला ठाऊक असते. त्याने नाही म्हणावे अशी परिस्थितीच त्याच्याभोवती उरत नाही. शिवाय दोन-तीन वर्षांत तो वाढतो, जड होतो, आणि त्याची जागा दुसऱ्या लहान मुलाला मिळते. दहा-बारा वर्षांच्या वयात अनुभवलेले ते शिखर पुन्हा त्याच्या वाट्याला येत नाही. पथके त्याला पुढे खालच्या थरात सामावून घेतात, आणि हा या संस्थांचा मोठा गुण मानला पाहिजे.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या गिरणी संपाने या सर्व व्यवस्थेचा पाया खचला. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही; हळूहळू गिरण्या बंद पडत गेल्या, रत्नागिरीकर कुटुंबे जोगेश्वरी, भांडुप, ठाणे, डोंबिवली, विरार अशी पांगली, आणि वर्गणीवर चालणाऱ्या मंडळांना आश्रयदात्याची गरज भासू लागली. ती पोकळी राजकीय पुढाऱ्यांनी भरून काढली. ठाण्यात आनंद दिघे यांची टेंभी नाक्यावरील हंडी प्रसिद्धीस आली. पुढे वेगवेगळ्या पक्षांच्या नेत्यांनी आपापल्या प्रतिष्ठानांच्या नावे मैदाने अडवली, थरागणिक बक्षिसे लावली आणि दूरचित्रवाहिन्यांनी ती घराघरांत पोहोचवली. पथके ट्रक-टेम्पो भरून दिवसभर एका हंडीवरून दुसरीकडे धावू लागली. याच काळात सलामीची पद्धत रूढ झाली: पथकाने ठरलेले थर लावायचे, टोकावरच्या मुलाने हात उंचावून वंदन करायचे आणि हंडीला हातही न लावता उतरायचे, म्हणजे पुढच्या पथकासाठी ती शाबूत राहते. दिवसभरात अनेक पथके येऊन जातात आणि हंडी फुटते ती अखेरीस, एकदाच. ज्या प्रथेत फोडणे आणि वाटून खाणे हेच मुख्य होते, तिच्यात फोडणे गौण झाले आणि वाटण्याजोगे तर काहीच उरले नाही. इतिहासाच्या दृष्टीने हा बदल थरांच्या वाढत्या संख्येहून अधिक खोल आहे.

ऑगस्ट २०१२ मध्ये जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने ठाण्यात नऊ थर लावून ४३.७९ फूट उंचीची गिनीज विक्रमनोंद मिळवली. या उंचीची तुलना स्वाभाविकपणे स्पेनमधील कॅटालोनिया प्रांताशी होते, जेथे माणसांचे असेच मनोरे दोन शतकांहून अधिक काळ रचले जात असून २०१० मध्ये युनेस्कोने त्या परंपरेचा मानवाच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. तेथेही टोकावर लहान मूलच चढते. परंतु २००६ मध्ये एका मुलीचा पडून मृत्यू झाल्यानंतर तेथील पथकांनी मुलांसाठी खास बनवलेले शिरस्त्राण स्वीकारले. अमेरिकेतील चीअरलीडिंग, म्हणजे मूळचे सामन्याच्या वेळी प्रेक्षकांना घोषणांनी चेतवण्याचे काम, १८९८ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात सुरू झाले आणि शतकभरात कसरतींची व मनोऱ्यांची स्वतंत्र स्पर्धा बनले, तेव्हा तेथेही हवेत फेकल्या जाणाऱ्या सर्वांत हलक्या मुलीवर सर्व धोका एकवटला. २०१२ मध्ये तेथील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने चीअरलीडिंगला रीतसर खेळाचा दर्जा द्यावा अशी शिफारस केली, ती प्रतिष्ठेसाठी नव्हती. खेळ म्हटला की प्रशिक्षित मार्गदर्शक, वैद्यकीय तपासणी आणि सरावाचे नियम त्याच्यामागे येतात, म्हणून ती होती.

महाराष्ट्रात खेळाचा दर्जा आणि मुलांची सुरक्षा यांची गाठ याप्रमाणे पडली नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका याचिकेवर अठरा वर्षांखालील मुलांना थरांत घेण्यास मनाई केली आणि मनोऱ्याची उंची वीस फुटांवर आणली. सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात हे निर्बंध शिथिल केले, मात्र २०१६ मध्ये ते कायम ठेवले. दरम्यान २०१५ मध्ये राज्य शासनाने गोविंदाला साहसी खेळ म्हणून मान्यता दिली. ७ ऑगस्ट २०१७ रोजी उच्च न्यायालयाने शासनाची हमी स्वीकारून वयाची किमान मर्यादा चौदा वर्षे ठरवली आणि उंचीवरील बंधन काढून टाकले. पुढे २०२२ मध्ये गोविंदांना विमा आणि खेळाडूंसाठीच्या नोकरीतील राखीव जागांचा लाभ देण्याची घोषणा विधिमंडळात झाली, आणि २०२३ पासून बंदिस्त सभागृहात प्रो गोविंदा नावाची व्यावसायिक स्पर्धा भरू लागली. या क्रमात एक विसंगती आहे: उंचीला मोकळीक देऊन टोकाच्या वयाला मर्यादा घातली गेली, परंतु वर सांगितलेल्या वजनाच्या गणितामुळे उंचीची प्रत्येक वाढ त्या मर्यादेवर दाब आणतेच.

रत्नागिरीत हे सर्व परत आले ते उलट्या दिशेने. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाली आणि मुंबई एका रात्रीच्या अंतरावर आली. वाहिन्यांवर ठाण्याची हंडी पाहणाऱ्या रत्नागिरी आणि चिपळूणसारख्या शहरांत पुढाऱ्यांच्या आश्रयाखाली बक्षिसांच्या हंड्या लागू लागल्या. तरीही जिल्ह्यात मुंबईइतके थर लागत नाहीत, आणि त्याचे कारण उत्साहाचा अभाव हे नव्हे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या आधीच्या दशकापेक्षा घटून सुमारे १६ लाख १५ हजारांवर आली होती आणि दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. जो मनोरा उभा करण्यास दोन-तीनशे जवान हात लागतात, ते हात आजही मुंबई-पुण्यात आहेत. खेड, संगमेश्वर, लांजा, राजापूर या तालुक्यांतील अनेक वाड्यांत काला पूर्वीसारखाच राहिला आहे, कारण तेथे थर लावायला माणसे नाहीत. परिस्थितीने लादलेल्या या मर्यादेमुळे एक जुनी रीत टिकून राहिली.

१६ ऑगस्ट २०२५ रोजी ठाण्यात प्रथमच दहा थर लागले, आणि ते लावणाऱ्या जोगेश्वरीच्या पथकाचे नाव कोकणनगर असे आहे. गिरण्या गेल्या, गावकीच्या खोल्या गेल्या, तिसरी-चौथी पिढी मुंबईतच जन्मली, तरी वस्तीच्या नावात आणि पथकाच्या झेंड्यावर कोकण राहिले. रजा नसल्यामुळे, बोट बंद असल्यामुळे श्रावणात शहरात अडकलेल्या माणसांनी ज्या उंचीचा ध्यास घेतला, ती त्यांच्या नातवंडांनी गाठली, आणि त्या पराक्रमाचे मोल कमी लेखणे अन्यायाचे होईल. परंतु त्याच महिन्यात, काही दिवस आधी, दहिसर येथे सरावाच्या वेळी थरावरून पडून अकरा वर्षांच्या एका मुलाचा मृत्यू झाला होता. चौदा वर्षांची मर्यादा तेव्हा आठ वर्षे जुनी होती. तिची तपासणी होते ती प्रामुख्याने गोपाळकाल्याच्या दिवशी, पोलीस, आयोजक आणि कॅमेरे यांच्या समोर. गुरुपौर्णिमेपासूनचे साडेपाच आठवडे, ज्यांत मूल कितीतरी अधिक वेळा चढते आणि उतरते, ते गल्लीच्या अंधारात, दोरी व गादीवाचून जातात, आणि वयाची, प्रशिक्षकाची व सुरक्षासाधनांची नोंद सराव सुरू होण्याआधी घेण्याचे काम पथकांच्या समन्वय समित्यांना आणि क्रीडा खात्याला तेथूनच सुरू करावे लागणार आहे.